चव्वेचाळीस दगडी सिंह

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. अशा प्रसंगी संतवाङ्मय, मराठी रंगभूमी किंवा परप्रांतातील मराठी माणसाचे कर्तृत्व यांपैकी एखाद्या विषयावर बोलण्याचा प्रघात आहे. मी मात्र आज आपल्याला चीनमधील रुग्णालयात घेऊन जाणार आहे. पक्षाघाताच्या झटक्यानंतर ज्यांची वाचा गेली, अशा चिनी भाषिक रुग्णांची भाषा तपासण्यासाठी पाश्चात्त्य देशांतील एखादी छोटी चाचणी वापरावयाची झाल्यास तिच्यात काय काय बदलावे लागते, हा माझा विषय आहे.

मी वैद्य नाही. कला शाखेचा साधा पदवीधर आहे. परंतु केंद्र सरकारच्या सेवेत माझी तीस वर्षे गेली ती नमुने, प्रपत्रे आणि प्रश्नावल्या हाताळण्यात. राजधानीत इंग्रजीत तयार झालेला एखादा प्रश्न भाषांतरित होऊन दूरच्या जिल्ह्यात पोहोचतो, तेव्हा त्याचा शब्द न् शब्द बरोबर असूनही त्यातून निराळेच काही विचारले जाते, हा अनुभव मला नवा नाही. प्रपत्रातील अशा चुकीमुळे फार तर एखादा अर्ज परत येतो. रुग्णाच्या उशाशी तीच गोष्ट घडली तर शहाण्या माणसाला भ्रमिष्ट ठरवले जाते, किंवा ज्याला उपचाराची गरज आहे त्याला धडधाकट समजून घरी पाठवले जाते. म्हणून या विषयाने मला ओढून घेतले.

प्रथम व्याधीविषयी थोडेसे. मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, म्हणजे मेंदूचा तेवढा भाग निकामी होऊ लागतो. यालाच आपण पक्षाघात किंवा अर्धांगवायू म्हणतो. बहुसंख्य माणसांत भाषेचे केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असते. १८६१ साली पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यवैद्याने पॅरिसजवळच्या रुग्णालयातील एका रुग्णाचे वर्णन केले. त्या गृहस्थाला सांगितलेले बरेचसे समजत असे. पण तोंडातून ‘तान’ या एकाच अक्षराखेरीज जवळजवळ काहीच निघत नसे. पुढे १८७४ साली कार्ल वेर्निके या जर्मन वैद्याने उलट प्रकार दाखवून दिला. त्याचे रुग्ण अस्खलित बोलत, परंतु त्या बोलण्याला अर्थ नसे आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना उमगत नसे. या सर्व प्रकारांना मिळून अ‍ॅफेझिया किंवा वाचाघात म्हणतात. झटका आलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक-तृतीयांश जणांना तो होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयाची. वाचाघात म्हणजे वेड नव्हे, बहिरेपणा नव्हे आणि जीभ लुळी पडल्यामुळे येणारा बोबडेपणाही नव्हे. माणूस ओळखतो, प्रेम करतो, रागावतो, अपमान झाला तर डोळ्यांतून पाणी काढतो. त्याचे शब्द तेवढे हरवलेले असतात. नेमके हेच बाहेरून दिसत नाही, आणि म्हणून ते तपासावे लागते.

भाषेची सांगोपांग तपासणी करणाऱ्या मोठ्या चाचण्या आहेत. परंतु त्यांना एक तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो आणि प्रशिक्षित वाचातज्ज्ञ लागतो. झटक्यानंतरच्या पहिल्या दोन-चार दिवसांत रुग्ण इतका वेळ बसू शकत नाही, आणि प्रत्येक रुग्णालयात तज्ज्ञही नसतो. म्हणून परिचारिकेला किंवा तरुण डॉक्टरला खाटेशी उभे राहून काही मिनिटांत करता येईल, अशी चाळणी लागते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या फ्रेंचे रुग्णालयात तयार झालेली चाचणी १९८७ साली प्रसिद्ध झाली. आकलन, बोलणे, वाचणे आणि लिहिणे अशी तिची चार अंगे असून एकूण गुण ३० असतात. तिच्यासोबत एक चित्रपत्र असते. त्याच्या एका बाजूस नदीकाठचे दृश्य आणि दुसऱ्या बाजूस भूमितीच्या आकृत्या. फ्रान्समध्ये २०११ साली याहूनही छोटी चाचणी पुढे आली. पाच चित्रांची नावे सांगणे, दोन वेळा ऐकलेले पुन्हा म्हणणे, एक ते दहा अंक मोजणे, चार चित्रे ओळखून दाखवणे आणि तीन सूचना पाळणे, असे तिचे १५ गुण. वेळ सुमारे दोन मिनिटे. तिच्यात वाचन-लेखन मुळीच नाही. २०१८ साली या फ्रेंच चाचणीची चिनी आवृत्ती प्रसिद्ध झाली.

आता कोणी म्हणेल, पंधरा प्रश्न, तेही इतके सोपे. एक चांगला भाषांतरकार एका दुपारी ते चिनीत उतरवील. तसे का होत नाही, हे पाहण्यासारखे आहे.

पहिली अडचण अशी की ‘चिनी भाषा’ हा शब्दच फसवा आहे. पारंपरिक वर्गीकरणाप्रमाणे चिनीचे सात मोठे गट मानतात. उत्तरेची मंडारिन, शांघायकडील वू, क्वांगतुंग आणि हाँगकाँगकडील कँटोनीज, फुकिएन आणि तैवानकडील मिन, शिवाय हाक्का, श्यांग आणि गान. यांतील पुष्कळ बोली एकमेकींना ऐकून समजत नाहीत. लिपी सामायिक असल्यामुळे सुशिक्षित माणसे लिहून एकमेकांशी बोलू शकतात. मात्र लिपीही पुरती एक नाही. मुख्य भूमीवर १९५६ पासून सुलभ केलेली अक्षरे आली. तैवान आणि हाँगकाँग यांनी जुनीच ठेवली. तेव्हा चाचणी ‘चिनीत’ आहे एवढे सांगून भागत नाही. कोणत्या बोलीत, कोणत्या अक्षरांत आणि कोणत्या पिढीसाठी, हे आधी ठरवावे लागते.

दुसरी अडचण सुरांची. मंडारिनमध्ये चार सूर आहेत, शिवाय एक सौम्य, बिनसुराचा उच्चार. कँटोनीजमध्ये सहा सूर मानतात. ‘मा’ हे एकच अक्षर सपाट उंच सुरात म्हटले तर आई, चढत्या सुरात अंबाडीसारखे धाग्याचे झाड, खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात घोडा आणि झपकन उतरणाऱ्या सुरात रागावणे. आपल्याकडे सूर बदलला की भाव बदलतो. तेथे शब्दच बदलतो. मेंदूला हा सूर गाण्यासारखा वाटतो की शब्दासारखा, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी तपासला आहे. लॉस एंजेलिसमधील दोन संशोधक स्त्रियांनी १९७३ साली थाई भाषिकांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले की, ज्यांच्या मातृभाषेत सुराने अर्थ ठरतो त्यांच्या मेंदूचा डावा, म्हणजे भाषेचा, भाग सूर हाताळतो. पुढे चिनी रुग्णांच्या अभ्यासातही डाव्या भागाला इजा झालेल्यांचे सूर बिघडलेले आढळले.

याचा चाचणीशी संबंध असा. चित्र ओळखण्याच्या प्रश्नात योग्य चित्राशेजारी मुद्दाम फसवी चित्रे ठेवतात. काही अर्थाने जवळची, काही उच्चाराने जवळची. फ्रेंचमध्ये उच्चाराने जवळचा शब्द म्हणजे ज्यात एखादे व्यंजन बदलले आहे असा शब्द. चिनीत सर्वांत जवळचा शब्द तोच असतो, फक्त सूर निराळा. ‘थांग’ एका सुरात साखरेची गोळी आणि दुसऱ्या सुरात सूप. ‘श्वेइच्याओ’ एका प्रकारे म्हटले तर उकडलेली करंजी, दुसऱ्या प्रकारे म्हटले तर झोपणे. असे जोड चाचणीत नसतील तर चिनी रुग्णाची एक मोठी उणीव तपासलीच जात नाही. फ्रेंच प्रश्नपत्रिकेत हे कोठेही लिहिलेले नसते, म्हणून भाषांतरकाराला ते सापडणारही नाही.

तिसरी बाब नावे सांगण्याची. जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन पक्षाघात-श्रेणीत रुग्णापुढे सहा चित्रे ठेवतात: हातमोजा, किल्ली, निवडुंग, खुर्ची, बागेत टांगायची झोळी आणि पीस. म्हणावयास दिलेल्या शब्दांत ‘हकलबेरी’ आणि ‘बेसबॉल प्लेयर’ आहेत. बोस्टनच्या १९८३ सालच्या नामकथन-चाचणीत साठ चित्रे आहेत, त्यांत इग्लू आहे, बीव्हर नावाचा पाण्यातील प्राणी आहे आणि प्रेट्झेल नावाची मिठाची वळवलेली बिस्किटे आहेत. हुनान प्रांतातील वृद्ध शेतकऱ्याला प्रेट्झेलचे नाव आले नाही, तर दोष त्याच्या मेंदूचा नव्हे.

परंतु वस्तू ओळखीची घेतली म्हणजे संपले, असेही नाही. चिनीत पुष्कळ नावे जोडशब्द असतात आणि चित्राकडे पाहून अर्धे सुचतात. आगगाडीला ते ‘अग्नि-वाहन’ म्हणतात, अगदी आपल्यासारखेच. दूरध्वनी म्हणजे ‘वीज-बोलणे’. जिराफ म्हणजे ‘लांब-मान-हरीण’. इंग्रज रुग्णाला जिराफ हा विरळा आणि कठीण शब्द आहे. चिनी रुग्णाला चित्रच निम्मा शब्द सांगते. म्हणजे मूळ चाचणीत कठीण म्हणून ठेवलेला प्रश्न दुसऱ्या भाषेत सोपा होऊन बसतो, आणि सोपा प्रश्न कठीण. पायऱ्यांची उंची बदलली की जिना तोच राहत नाही.

चौथी बाब ऐकलेले पुन्हा म्हणण्याची, आणि माझ्या भाषणाचे शीर्षक तेथूनच आले आहे. १९७५ साली अमेरिकेत फोलस्टाइन पतिपत्नी आणि मॅकह्यू यांनी मानसिक स्थितीची एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. ती केवळ वाचाघातासाठी नाही, पण तिच्यात भाषेचे प्रश्न आहेत. रुग्णाला ‘नो इफ्स, अँड्स, ऑर बट्स’ असे म्हणावयास सांगतात. अर्थ साधा आहे, सबबी नकोत. पण म्हणावयास अवघड, कारण त्यात वाक्याला आधार देणारे इवलेसे शब्द आहेत आणि प्रत्येकाला अनेकवचनाचा ‘स’ चिकटलेला आहे. याचे चिनीत शब्दशः भाषांतर करणे व्यर्थ, कारण चिनीत नामाला असे अनेकवचनच होत नाही. तेव्हा चिनी अभ्यासकांनी ते वाक्य सोडून दिले आणि त्या जागी ‘चव्वेचाळीस दगडी सिंह’ असे शब्द ठेवले. मंडारिनमध्ये चार, दहा, दगड आणि सिंह या सर्वांत ‘स’ आणि ‘श’ एकमेकांच्या मागे धावत येतात. कच्च्या आणि पक्क्या पापडाचे वाक्य भराभर म्हणताना आपली जी गत होते, तशीच तेथे होते. हाँगकाँगच्या आवृत्तीत निराळेच वाक्य आहे: मावशीचे यजमान माशांची आतडी विकत घेतात! कँटोनीजमध्ये त्याचे उच्चार आणि सूर असेच एकमेकांत गुंतणारे आहेत. अमेरिकेतील सबबी पेकिंगला दगडी सिंह झाल्या आणि हाँगकाँगला माशांची आतडी. शब्दांत काडीचे साम्य उरले नाही, परंतु तपासणी तीच राहिली. योग्य रूपांतर म्हणतात ते हे.

तरीही सिंहांत एक मेख उरतेच. दक्षिणेकडील पुष्कळ लोक मंडारिन बोलताना ‘श’च्या जागी ‘स’ म्हणतात. आपल्या वऱ्हाडात कोणी ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ आणि ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणाले तर ती व्याधी नव्हे, ती त्याची बोली, तसेच हे. म्हणून गुण देणाऱ्याला आधीच लेखी सूचना द्यावी लागते की, बोलीमुळे होणारा उच्चार चूक धरू नये. परीक्षक उत्तरेचा आणि रुग्ण दक्षिणेचा असेल तर ही एक ओळ फार मोलाची ठरते.

पाचवी बाब व्याकरणाची. वाचाघाताचा एक प्रकार असा की रुग्ण तारेतील मजकुरासारखे तुटक बोलतो; विभक्ती, काळ, लिंग, वचन गळून पडते. युरोपीय चाचण्या हे गळणे मोजतात. चिनीत गळावयास यांतले फारसे काही नसतेच. क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, नामाला लिंग नाही, आणि ‘तो’ व ‘ती’ यांना बोलताना एकच शब्द, ‘था’. तर मग चिनी व्याकरण मोडले, हे कळावयाचे कसे? त्याची एक खूण गणनाशब्दांत आहे. चिनीत ‘एक पुस्तक’ असे थेट म्हणता येत नाही; संख्या आणि नाम यांच्यामध्ये एक शब्द घालावा लागतो. पुस्तकाला ‘बन’, घोड्याला ‘फी’, माशासारख्या लांबट वस्तूला ‘थ्याओ’. आपल्याकडे मेथीची जुडी, केळ्यांचा घड आणि किल्ल्यांचा जुडगा म्हणतो त्याच्या जवळचे हे आहे, फक्त तेथे ते एकेका वस्तूलाही सक्तीचे. वाचाघात झालेला चिनी रुग्ण हे शब्द गाळतो किंवा सर्वांना ‘ग’ हा एकच सर्वसाधारण शब्द लावतो. ही खूण पाहावयाची हे कोणत्याही फ्रेंच प्रश्नपत्रिकेत नसणार.

सहावी बाब तोंडपाठ मालिकांची. वाचाघाताचे काही रुग्ण स्वतःचे वाक्य बोलू शकत नाहीत, पण अंक, वार किंवा महिने घडाघडा म्हणतात. म्हणून इंग्रजीत वार किंवा महिने म्हणावयास सांगतात. चिनीत महिन्यांची नावे एक-महिना, दोन-महिना अशी बारापर्यंत जातात, आणि सोमवार ते शनिवार हेही एक ते सहा अंकांनीच ओळखले जातात. त्यामुळे महिने म्हणणे आणि अंक मोजणे यांत तेथे फारसा फरक राहत नाही. अंकांहून निराळी मालिका हवी तर उंदीर, बैल, वाघ अशी वर्षचक्राची बारा जनावरे आहेत. ती लहानपणापासून पाठ असतात.

‘होय की नाही’ या साध्या प्रश्नांचेही तसेच. चिनीत सर्व प्रश्नांना चालेल असा एकच होकार नाही. ‘जातोस-न-जातोस?’ असे विचारतात आणि उत्तर ‘जातो’ असे क्रियापदानेच येते. म्हणजे होकार देण्यासाठीही योग्य क्रियापद उचलावे लागते. ज्याचे शब्द हरवले आहेत त्याला मान हलवण्याची मुभा दिली नाही, तर आकलनाची परीक्षा नकळत बोलण्याची परीक्षा होते.

सातवी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची बाब शिक्षणाची. १९४९ साली चीनमध्ये सुमारे ८० टक्के लोक निरक्षर होते असे मानतात. २०२० च्या जनगणनेत हे प्रमाण २.६७ टक्क्यांवर आले. ही प्रगती असामान्य आहे. परंतु पक्षाघात अधिक होतो तो म्हाताऱ्या माणसांना, आणि उरलेली निरक्षरता प्रामुख्याने त्यांच्यातच, त्यातही वृद्ध स्त्रियांत आहे. वाचन-लेखनाच्या प्रश्नांत अशी आजीबाई आजारापूर्वीही नापासच झाली असती. म्हणून मघा सांगितलेल्या मानसिक चाचणीच्या चिनी आवृत्तीत ‘एक वाक्य लिहा’च्या जागी ‘एक पूर्ण वाक्य सांगा’ असे करण्यात आले. इतकेच नव्हे, तर शांघायमधील पाहणीवरून ३० गुणांपैकी तीन निराळ्या मर्यादा ठरल्या: निरक्षर व्यक्तीला १७, प्राथमिक शिक्षण झालेल्याला २० आणि त्याहून पुढे शिकलेल्याला २४. त्या अंकाइतके किंवा त्याहून कमी गुण पडले तरच काळजी करावयाची. १९ गुण मिळालेली निरक्षर बाई ठीक आहे. तेवढेच गुण मिळालेला शिक्षक ठीक नाही. आपल्या देशातही हाच प्रश्न आला आहे. हरियाणातील वल्लभगढच्या निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी या चाचणीची हिंदी आवृत्ती घडवली गेली आणि ती १९९५ साली प्रसिद्ध झाली.

शाळेचा परिणाम अक्षरांपुरताच असतो असेही नाही. पोर्तुगालमधील अभ्यासांत असे आढळले की, निरक्षर माणसे खरी वस्तू हाती दिली तर साक्षरांसारखीच नाव सांगतात. पण तीच वस्तू रेखाचित्रात दाखवली की अडखळतात. तसेच अर्थहीन शब्द पुन्हा म्हणणे त्यांना जड जाते. तेव्हा चाचणीतून वाचन-लेखन काढून टाकले तरी शाळा पुरती बाहेर जात नाही. ती चित्रातून आणि कानातूनही डोकावते.

ज्यांना लिहिता येते त्यांच्याही बाबतीत लिपीचा प्रश्न आहेच. रोमन लिपीत अक्षरे थोडी. चिनीत रोजच्या वाचनाला दोन-तीन हजार चिन्हे लागतात. ‘या अक्षराने सुरू होणारे शब्द सांगा’ हा इंग्रजीतील आवडता प्रश्न तेथे तसाच उभा राहू शकत नाही. शिवाय डाव्या मेंदूच्या झटक्याने बहुधा उजवा हात लुळा पडतो. अनेक रेघांचे अक्षर डाव्या हाताने काढावयाचे म्हटल्यास बिघाड हाताचा की भाषेचा, हे ठरवणे कठीण होते.

इतके सगळे बदलल्यावर, हाती आलेली चाचणी विश्वासार्ह आहे हे कसे समजावयाचे? त्याची रीत ठरलेली आहे. एक जण भाषांतर करतो. मूळ न पाहिलेला दुसरा त्याचे पुन्हा मूळ भाषेत भाषांतर करतो. वैद्य, भाषाशास्त्रज्ञ आणि वाचातज्ज्ञ एकत्र बसून दोन्ही ताडून पाहतात. मग निरोगी माणसांवर, वेगवेगळ्या वयाच्या आणि शिक्षणाच्या, ती वापरून पाहतात. निरोगी माणूस ज्या प्रश्नात चुकतो तो प्रश्न बाद. त्यानंतर त्याच रुग्णांना मोठी, सांगोपांग चाचणी देऊन दोन्ही निकाल जुळतात का ते बघतात. चीनमध्ये यासाठी आधार होता. पेकिंगमध्ये आणि हाँगकाँगमध्ये १९९० च्या सुमारासच मोठ्या चाचण्या तयार झाल्या होत्या. दोन परीक्षकांनी एकाच रुग्णाला सारखेच गुण दिले पाहिजेत, हीही अट असते.

चाळणीची भोके किती बारीक ठेवावयाची, हा शेवटचा निर्णय. समजा, शंभर रुग्णांपैकी तीस जणांना खरोखर वाचाघात आहे. मर्यादा कडक ठेवली तर तिसांच्या तीस जण सापडतील, पण निरोगी सत्तरांतले काही विनाकारण अडकतील. सैल ठेवली तर निरोगी सुटतील, पण आजाऱ्यांतले काही त्यांच्याबरोबर निसटतील. पहिल्या चुकीने मोठ्या तपासणीचा एक तास वाया जातो. दुसऱ्या चुकीने उपचार सुरूच होत नाहीत. म्हणून अशी चाळणी थोडी बारीक असलेलीच बरी. शेवटचा निकाल तिने द्यावयाचा नसतो; कोणाला पुढे पाठवावयाचे एवढेच सांगावयाचे असते.

रूपांतराचे आणखी एक उदाहरण सांगतो, कारण ते चाचणीइतकेच उपयोगी आहे. झटका ओळखण्यासाठी इंग्रजीत चेहरा, हात, बोलणे आणि वेळ या चार शब्दांची आद्याक्षरे जोडून ‘फास्ट’ असा शब्द केला आहे. चिनी माणसाला ही आद्याक्षरे निरुपयोगी. तेथे रुग्णवाहिकेचा क्रमांक १२० आहे. दोन डॉक्टरांनी २०१७ साली त्याचाच मंत्र केला: एक म्हणजे एक चेहरा पाहा, वाकडा झाला आहे का, दोन म्हणजे दोन्ही हात पाहा, एक खाली पडतो का, आणि शून्य म्हणजे बोलणे नीट ऐका, कारण चिनीत शून्याचा उच्चार आणि ‘लक्षपूर्वक ऐकणे’ यातील पहिला उच्चार एकच, ‘लिंग’. लक्षणे लक्षात राहतात आणि कोणता क्रमांक फिरवावयाचा तेही. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तेव्हा असा मंत्र प्राण वाचवू शकतो.

आता आपल्याकडे वळतो. चिनी उदाहरण परके वाटेल, पण कोलकात्याच्या टांगरा भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली चिनी कुटुंबे प्रामुख्याने हाक्का भाषिक आहेत. तेथील एखाद्या वृद्धाला झटका आला तर मंडारिनमधील उत्तमोत्तम चाचणीही त्याच्या कामाची नाही, आणि बंगाली किंवा इंग्रजी चाचणी त्याला अर्धीच मोजील. आपल्या मंडळातील वृद्धांची गोष्ट याहून फार निराळी आहे का? सातारा किंवा यवतमाळ जिल्ह्यातून मुलाकडे राहावयास आलेली आई, जिला बाजारापुरते हिंदी येते, ती येथील रुग्णालयात गेली तर डॉक्टर हिंदीत किंवा येथील प्रांतभाषेत विचारणार. ती गप्प राहिली तर ते गप्प राहणे आजाराचे की अपरिचयाचे?

अनेक भाषा येणाऱ्यांच्या वाचाघाताचा विचार शंभरांहून अधिक वर्षे चालला आहे. १८८१ साली रिबो या फ्रेंच विद्वानाने म्हटले की आधी शिकलेली भाषा टिकते. १८९५ साली पित्र या वैद्याने म्हटले की रोजच्या वापरातली भाषा आधी परत येते. प्रत्यक्षात रुग्ण दोन्ही प्रकारचे आढळतात. म्हणून आजचा नियम असा की रुग्णाला येणाऱ्या प्रत्येक भाषेत तपासावे. हैदराबादच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात झटक्यानंतर बुद्धीची इतर कामे शाबूत राहण्याचे प्रमाण दोन किंवा अधिक भाषा येणाऱ्यांत जास्त आढळले; वाचाघाताच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही. बहुभाषिकपणामुळे आपल्याला वाचाघातापासून संरक्षण मिळते, असे समजून निश्चिंत राहू नये.

तर मग आपण काय करावे? चाचण्या घडवणे हे तज्ज्ञांचे काम आहे, पण त्यांना लागणारी माहिती फक्त घरच्या माणसांजवळ असते. प्रत्येक घरात वडीलधाऱ्यांविषयी एक कागद तयार असावा. त्यावर लिहावे: लहानपणी घरात कोणती बोली होती, आज कोणती भाषा कोणाशी बोलतात, शाळा किती झाली, आणि कोणत्या भाषेतून, लिहितात कोणत्या हाताने, चष्मा आहे का, ऐकू कमी येते का, बोलण्यात आधीपासून काही अडखळ होती का. हा कागद औषधांच्या यादीबरोबर डॉक्टरांच्या हाती द्यावा. दुभाषी म्हणून उभे राहण्याची वेळ आली तर डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे सांगावे. प्रेमापोटी हळूच उत्तर सुचवू नये, हातवारे करू नयेत. सुचवलेल्या उत्तराने गुण वाढतात आणि उपचार हुकतात. आणि प्रश्नातील वस्तू किंवा शब्द आपल्या आईच्या अनुभवातला नसेल, तर ते तेथल्या तेथे, नम्रपणे पण स्पष्टपणे डॉक्टरांना सांगावे.

मंडळाने येत्या वर्षात आणखी एक करावे, अशी माझी सूचना आहे. रुग्णालयात गेलेल्या मराठी वृद्धाशी मराठीत बोलण्यास जाऊ शकतील अशा सभासदांची यादी करावी. त्यात वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी आणि कोकणी बोलणारेही असावेत. पन्नास वर्षे आपण गणेशोत्सव, नाटके आणि हळदीकुंकू यांच्या निमित्ताने आपली भाषा येथे जागती ठेवली. तिची खरी निकड भासते ती ज्याचे शब्द हरवले आहेत अशा माणसाच्या उशाशी, कारण त्याला तपासावयाचे आणि पुन्हा बोलते करावयाचे ते त्याच्याच भाषेत.